डाव्या विंगेतली खुर्ची

१६ जून २०२५, सोमवार

आले बाई एकदाची! पाथर्डीच्या एस.टी.त करंजीचा घाट संपेपर्यंत ट्रंक पायांवर घेऊन बसले होते, पण तक्रार नाही. छत्तिसाव्या वर्षी मनासारखी नोकरी मिळाली की पायाला आलेल्या मुंग्यासुद्धा गोड लागतात.

सरकारी कला विद्यालय. तिसगावच्या अलीकडे दोन किलोमीटर, डांबरी रस्त्यापासून थोडं आत. आठवी ते दहावी. सकाळी गणित-विज्ञान, दुपारच्या जेवणानंतर नाटक, नाच, गाणं, चित्रकला, मूर्तिकाम. एकशेचाळीस मुलं, बहुतेक आसपासच्या शेतकऱ्यांची, निम्मी वसतिगृहात राहणारी. अकरा वर्षं मी नगरच्या शाळेत मराठीचे तास बुडवून गॅदरिंगची नाटकं बसवली, आणि इथे नेमणुकीच्या कागदावरच लिहिलंय, नाट्यशिक्षिका, निवेदिता अमुक तमुक. सावेडीत आईने तो कागद देवापुढे ठेवला होता.

मुख्याध्यापक नृसिंह सर स्वतः हॉल दाखवायला आले. पंचावन्नच्या आसपासचे, शिडशिडीत, आवाज खणखणीत. सरकारी शाळेत असा रंगमंच मी पाहिला नव्हता. लाकडी फळ्या, मखमली पडदा, दोन्ही बाजूंना तीन-तीन विंगा. डाव्या बाजूच्या पहिल्या विंगेत हातांची एक लाकडी खुर्ची आहे. सर म्हणाले, ती प्रॉम्प्टरची. पूर्वी विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं हळूच पुरवणारा माणूस असायचा, त्याची जागा. आता तिथे कोणी बसत नाही, पण शाळेची रीत आहे की नव्या शिक्षकाने पहिल्या दिवशी त्या खुर्चीला आपलं मनोगत आणि पहिल्या आठवड्याचं टाचण मोठ्याने वाचून दाखवायचं. याला इथे 'वाचन देणं' म्हणतात.

नाटकवाल्यांच्या असल्या रीती मला भारी आवडतात. खुर्चीला नमस्कार ठोकला आणि दणक्यात वाचलं.

राहायला छबूबाईंची पुढची खोली मिळाली, तिसगावात. छबूबाई शाळेत झाडलोट करतात. पहिल्याच दिवशी गरम भाकरी आणि ठेचा. मला तर वाटतं माझं नशीब आता फळफळलं.

१९ जून, गुरुवार

आज नववीचा पहिला तास. 'विहिरीची साक्ष' नावाचं नाटक बसवायचंय, जिल्हा स्पर्धेसाठी. गेली सहा वर्षं पहिलं बक्षीस याच शाळेला आहे म्हणे, त्यामुळे धाकधूक आहेच.

एका मुलीने तासभर डोकं उठवलं. ज्ञानेश्वरी. डोंगराकडच्या वस्तीवरची, दोन वेण्या, तोंडाचा पट्टा अखंड चालू. मॅडम तुमी नगरच्या का, मॅडम तुमचं लगीन का न्हाई झालं, मॅडम आमच्या म्हशीला जुळं झालं. मी दटावलं तर म्हणते, काय करू मॅडम, माझी आजी म्हणायची का मी पोटातूनच बोलत आले. लहानपणी तिचा डावा कान फुटला होता, त्या कानाने काही ऐकू येत नाही. म्हणून उजवा कान पुढे करून चिमणीगत मान वाकडी करते. तिला म्हातारीची भूमिका दिली. अकरा वाक्यं आहेत.

संध्याकाळी तिचे वडील आले होते, आबासाहेब, वसतिगृहात तिची गादी पोचवायला. कांदा-बाजरी करणारा माणूस, दोन एकर. म्हणाले, बाई, ही एकच हाय आम्हाला, आन लई बोलती, तिला रागावू नका, घरात तिच्याच आवाजाची सवय हाय. मी म्हटलं, काळजी करू नका, तुमच्या पोरीकडे मी बघते.

शाळेचा परिसर रमणीय असून शिक्षकवृंद सहकार्य करणारा आहे.

२८ जून, शनिवार

आरोग्य तपासणीची गाडी आली होती. ज्ञानेश्वरीच्या कानाचा फॉर्म मी स्वतः भरला. ऐकायचं यंत्र दोन महिन्यांत मिळेल म्हणाले. पोरगी इतकी नाचली की डॉक्टरीणबाई हसायला लागल्या.

तालमीआधी मुलांनी संहितेचं वाचन दिलं. म्हणजे एकेकाने डाव्या विंगेत जायचं, खुर्चीसमोर मांडी घालायची आणि पूर्ण नाटक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं. चोवीस मुलांना तीन दिवस लागले. मी म्हटलं, अरे, फक्त आपापली वाक्यं वाचा. ओंकार म्हणाला, न्हाई मॅडम, समदं वाचावं लागतं. ओंकार म्हणजे आमचा नायक, पाटलाच्या भूमिकेत. उंच, देखणा, शांत मुलगा.

८ जुलै, मंगळवार

पाठांतर झालं! दहा दिवसांत सगळ्या मुलांचं, पाऊण तासाचं नाटक, एका काना-मात्रेची चूक नाही. अकरा वर्षांत असं पाहिलं नाही. आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या मी.

पण माझा स्वभाव. आई म्हणते, दुधात माशी दिसली नाही तर निवेदिता चष्मा पुसून परत बघेल. नगरच्या शाळेत कॉपी पकडायला मलाच पाठवायचे, कारण मी मुलांच्या उत्तराकडे बघत नाही, उत्तराच्या आधी बघते. आणि इथे प्रत्येक मूल वाक्य बोलायच्या आधी क्षणभर थांबतं. मान जराशी डावीकडे कलते. मग वाक्य येतं. सगळ्यांचं तसंच.

एकट्या ज्ञानेश्वरीचं नाही. तिची अकरापैकी सहा वाक्यं गळाली आणि चार तिने पदरची घातली. बाकीची मुलं तिला कच्ची म्हणून चिडवतात. मला मात्र तिचंच म्हातारीपण खरं वाटलं.

कुठेतरी पाणी मुरतंय. उद्या मोबाईल तपासते.

१७ जुलै, गुरुवार

मोबाईल नाहीत. कानांत काही नाही. रंगमंचाखाली टॉर्च घेऊन गेले, साडीचा सत्यानाश झाला, सापडलं काय तर एक मेलेली पाल. डाव्या विंगेत मी स्वतः उभी राहिले पूर्ण तालीमभर. कोणी पुटपुटत नव्हतं. खुर्ची रिकामी.

आता हे फक्त नाटकापुरतं नाही. आज नववीची तोंडी परीक्षा घेतली. पुस्तकातला प्रश्न विचारला, तर मान डावीकडे, मग उत्तर, स्वल्पविरामासकट पुस्तकातलं. मी पार्थ नावाच्या मुलाला विचारलं की बाबा, हे कधी पाठ केलंस. तो म्हणाला, पाठ कशाला करायचं मॅडम, वाचन दिलंय ना. मुलं परीक्षेआधी पुस्तकंही खुर्चीला वाचून दाखवतात. शाळेचा निकाल शंभर टक्के का लागतो ते कळलं. कसा लागतो ते कळलं नाही.

मधल्या सुट्टीत ओंकार रस्त्यापलीकडे बाभळीखाली बसला होता. मी जाऊन सहज विचारलं, डब्यात काय आणलंस. त्याने तोंड उघडलं. मान डावीकडे केली. थांबला. तसाच थांबून राहिला, तोंड उघडं ठेवून, घाम फुटला पोराला. मी हाताला धरून फाटकाच्या आत आणलं तेव्हा पटकन म्हणाला, मेथीची भाजी.

दोन पालकांना फोन केले. दोघांनीही कौतुकच केलं. म्हणाले, सुट्टीत घरी येतो तेव्हा एक शब्द बोलत नाही, शाळेने लई शिस्त लावली मॅडम.

छबूबाईंना विचारलं. त्यांनी केरसुणी ठेवली आणि म्हणाल्या, बाई, मी अंगठेबहाद्दर, माझं आन त्या खुर्चीचं कधी काम न्हाई पडलं. झाडताना तिच्याखालून झाडते, तिला हात लावत न्हाई. तुमी बी लावू नका. कोन बसायचं तिच्यावर ते मला म्हाईत न्हाई, हॉल उघडला तवापासून हाय. मग एकदम म्हणाल्या, मुख्याध्यापक नऊ वर्षांत फाटकाबाहेर गेल्याले न्हाईत. भाचीच्या लग्नाला सुदीक न्हाई.

४ ऑगस्ट, सोमवार

आज मी सापळा लावला. सर किंवा मुलं कुठून तरी ऐकतात आणि पुढे सांगतात, हा माझा संशय. मग जगात कोणालाच माहीत नसलेलं काहीतरी त्या खुर्चीला वाचून दाखवायचं आणि ते कोणाच्या तोंडून बाहेर पडतं बघायचं. चोर सापडलाच पाहिजे.

असं माझ्याकडे एकच आहे, ही वही. तालीम संपल्यावर पाच वाजता हॉल रिकामा होता, दारं मी आतून लावली, विंगा तपासल्या. खुर्चीसमोर बसले. सकाळी मुद्दाम एक वाक्य लिहून ठेवलं होतं मागच्या पानावर. आईने दिलेल्या लिंबाच्या लोणच्याला बुरशी आली, मी फेकून दिलं आणि फोनवर सांगितलं की चाटूनपुसून खाल्लं. एवढंच वाचायचं होतं.

पण मग सोळा जूनही वाचला. एकोणीस जूनही. सगळी वही वाचली, कोरी पानं लागेपर्यंत. काय सांगू, इतकं मन लावून माझं कोणी ऐकलं नव्हतं कधी. समोर कोणी नव्हतं, तरी.

५ ऑगस्ट, मंगळवार

तिसरा प्रवेश. पाटील चावडीवर उभा आहे, गाव गोळा झालंय. ओंकारने मान डावीकडे केली आणि म्हणाला, आईने दिलेल्या लिंबाच्या लोणच्याला बुरशी आली, मी फेकून दिलं आणि फोनवर सांगितलं की चाटूनपुसून खाल्लं.

कोणी हसलं नाही. पार्थने त्याचं पुढचं वाक्य घेतलं. तालीम चालू राहिली.

फक्त ज्ञानेश्वरी माझ्याकडे बघत होती. तिने मोठ्याने विचारलं, मॅडम, हे नाटकात कुठं हाय?

१० ऑगस्ट, रविवार

श्रीरामपूरला जाऊन आले. माझ्या आधी इथे वैजनाथ सर होते, नाट्यशिक्षक, चौदा वर्षं. मागच्या वर्षी निवृत्त झाले. पत्ता कार्यालयातल्या जुन्या वहीतून काढला, सरांना न विचारता.

स्टेशनमागे दोन खोल्या. वैजनाथ सर खुर्चीत बसले होते, अंगात इस्त्रीचा शर्ट, तब्येत उत्तम. मी नाव सांगितलं, त्यांनी हात जोडले. मी प्रश्न विचारला. त्यांनी मान डावीकडे केली आणि ऐकत राहिले.

त्यांच्या बायकोने चहा दिला आणि सांगितलं की शाळा सुटली त्या दिवसापासून असेच आहेत. नगरला मेंदूचे फोटो काढले, घसा तपासला, सगळं ठीक. मला म्हणाल्या, जेवायला दिलं तर जेवतात, पण बाई, भाजीत मीठ कमी आहे एवढं तरी माणसाने म्हणावं की नाही? आणि रडायला लागल्या.

मी विचारलं, लिहून दाखवतात का. त्यांनी एक वही आणली. दोनशे पानं. प्रत्येक पानावर त्यांच्या सुरेख अक्षरात एकच मजकूर, पहिल्या दिवशीचं मनोगत. या विद्यालयात रुजू होताना मला अत्यानंद होत आहे. दोनशे वेळा.

माझ्या हातातली वही बघून त्या म्हणाल्या, यांनाही रोजनिशी लिहायची सवय होती. शेवटच्या वर्षी तीही शाळेत नेऊन वाचून आले.

येताना एस.टी.त वही मांडीवर होती. बाहेर बघत बसले. आता कळलं. जे वाचून दाखवलं ते त्या खुर्चीतल्याचं होऊन जातं. मग तो सांगेल तेवढंच आपल्याला बोलता येतं, तेही फाटकाच्या आत, तो कानाशी असेल तोवर. आणि मी शहाणीने चोर पकडायला म्हणून घराच्या किल्ल्या नेऊन दिल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आज बाहेर बोलता आलं मला, उद्याचं माहीत नाही.

पण ज्ञानेश्वरीला त्याचं ऐकू येत नाही. ती अजून तिची आहे. तिला इथून काढायची. बाकी पुढे बघू.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. पाच मुलांची भाषणं झाली, पाचही एकसारखी. मग ज्ञानेश्वरी उठली, तिचं नाव यादीत नव्हतं. म्हणाली, माझा आजा कधी शाळेत गेला न्हाई पर झेंड्याला सलाम करताना त्याची टोपी पडायची आन तो तशीच पडू द्यायचा. एवढंच बोलून बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

नृसिंह सर तिच्याकडे बघत होते. रागाने नाही. भुकेल्या माणसाने ताटाकडे बघावं तसं.

दुपारी सावेडीला आईकडे गेले. दार उघडून आई म्हणाली, आलीस? मी तोंड उघडलं. काही आलं नाही. डावीकडे कान गेला आपोआप. काही नव्हतं तिथे, फक्त पंखा.

आई दोन तास विचारत होती, निवे, माझ्यावर रागावलीस का. मी मान हलवत राहिले. तिच्या पायांवर डोकं ठेवून आले.

१८ ऑगस्ट, सोमवार

यंत्र आलं.

मला कोणी सांगितलं नाही. मी वर्गात गेले तर ज्ञानेश्वरीच्या डाव्या कानामागे ते होतं, तपकिरी, शेंगदाण्याएवढं. नृसिंह सरांनी स्वतः बसवलं. माझीच सही फॉर्मवर. माझीच.

तिला वर्गाबाहेर नेलं, खुणेने सांगितलं, काढ ते. ती म्हणाली, मॅडम, यात अजून सेल न्हाई टाकला. डबीत हायेत सेल. आणि मग हळूच म्हणाली, तरी ऐकू येतंय.

मी विचारलं काय. म्हणजे विचारता आलं, फाटकाच्या आत होतो आम्ही.

ती म्हणाली, कोनीतरी माझी वाक्यं सांगतंय. बरोबर सांगतंय. अकराच्या अकरा.

२० ऑगस्ट, बुधवार

आबासाहेबांना फोन केला, शाळेतूनच. बाहेरून करून उपयोग नव्हता, आवाजच फुटत नाही. मनात वाक्य घट्ट धरलं होतं. पोरीला घेऊन जा. तीन शब्द. पोरीला घेऊन जा.

त्यांनी फोन उचलला. डाव्या कानाशी कोणीतरी अगदी जवळ, मायेने —

मी म्हणाले, ज्ञानेश्वरीची प्रगती उत्तम आहे. तिला सुट्टीत घरी नेऊ नका, तालीम बुडेल.

ते म्हणाले, बरं बाई. पोळा झाल्यावर शनिवारी अकराला येतो मग, पुरणपोळी घेऊन. भेटू तरी द्या.

हे म्हणताना त्यांचा आवाज उतरला होता.

घरी छबूबाईंसमोर बसले. त्या विचारतात काय झालं, डोळे का असे. बोलता येत नाही. लिहिलं. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि म्हणाल्या, बाई, मला कुठं येतंय हे. सगळ्या शाळेत एकच माणूस मोकळं बोलतं आणि त्याला माझं अक्षर लागत नाही.

पण हाताने लिहिता तरी येतंय. अजून.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मागची पानं चाळली. १९ जूनच्या खाली एक ओळ आहे. शाळेचा परिसर रमणीय असून शिक्षकवृंद सहकार्य करणारा आहे. अक्षर माझं. शाई माझी. मी लिहिलेली नाही. रमणीय! मी कधी आयुष्यात रमणीय म्हटलंय?

दुपारी ज्ञानेश्वरीचा हात धरून सरळ फाटकाकडे चालायला लागले. उचलून नेईन म्हटलं. फाटकाशी तिने खांब धरला. म्हणाली, मॅडम, माझी तालीम आहे. 'आहे' म्हणाली. ही पोरगी आजवर 'हाय' म्हणत आलीय.

हात सोडवताना मात्र तिची बोटं माझ्या बोटांना घट्ट धरून होती. सोडतच नव्हती.

नृसिंह सर व्हरांड्यातून बघत होते. म्हणाले, निवेदिताबाई, सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं. एक शब्द शोधावा लागत नाही नंतर. किती हलकं वाटतं, बघाल.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

सुट्टी. गावात बैल सजवलेत, वाजंत्री चालू आहे. मी खोलीत.

सकाळपासून चार वेळा पान सुरू केलं. चारही वेळा पहिली ओळ — या विद्यालयात रुजू होताना —

फाडली.

ज्ञानेश्वरीने आज हॉलमध्ये वाचन दिलं म्हणे. पुस्तकाचं नाही. सरांनी तिला सांगितलं, तुझ्या आजीच्या गोष्टी लिहून काढ आणि दे वाचून. चाळीस पानं लिहिली पोरीने. छबूबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, रडत वाचत होती, तरी थांबंना. मी दार वाजवलं, आतून कडी हुती.

आजीच्या गोष्टी. म्हशीचं जुळं. आज्याची टोपी. सगळं दिलं —

उद्या अकरा. लिहूनच देईन. तोंड उघडायचं नाही. लिहूनच.

२३ ऑगस्ट, शनिवार

साडेदहा. शिक्षक-खोलीत बसलेय. छबूबाई दारात बसल्यात, मी हातानेच सांगितलं, कोणाला आत सोडू नका. कळलं त्यांना.

हेच पान फाडून आबासाहेबांच्या हातात देणार.

आबासाहेब, ज्ञानेश्वरीला आत्ताच्या आत्ता घरी न्या. सामान राहू द्या. ती नको म्हणेल, ऐकू नका, उचलून न्या. घरी गप्प राहील, पण जिवंत राहील, तुम्ही तिच्याशी बोलत राहा, रोज बोलत राहा, एखाद दिवशी कदाचित — कारण इथे मुलांचं —

कारण इथे मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी पोषक वातावरण उपलब्ध आहे.

नाही. हे मी नाही. हे खोडा. आबासाहेब हे वाचू नका, वरचं वाचा, वरचं —

वर काय होतं. वर बघते तर मला वरही रमणीयच दिसतंय. 'न्या'च्या जागी 'राहू द्या' दिसतंय. माझ्याच अक्षरात —

ती आली. छबूबाईंनी तिला सोडलं, पोर आहे म्हणून सोडलं. माझ्या डाव्या बाजूला उभी आहे. तिचे ओठ हलतायत. हळू, मायेने. आणि पेन तिच्या मागून चाललंय. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण ओठ थांबत नाहीत — ज्ञाना, बाळ, थांब गं —

मोटरसायकल. फाटकाशी. आले.

लिहिणं गेलं. थांबणं अजून माझं आहे. तेवढंच आहे. वाक्य कुठेही जावो, मी मध्येच पेन मोडणार. अर्धं वाक्य बघून बाप विचारेल तरी, की का —

आदरणीय आबासाहेब, आपली कन्या येथे अत्यंत आनंदात असून तिला घरी नेण्याची मुळीच आवश्यकता ना